उजव्या खांद्यावरचा पदर

माझ्या छापचित्रांवर लिहिणारी माणसं माझ्यापेक्षा हुशार असतात, याची मला आता सवय झाली आहे. मागे एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत एका विदुषी बाईंनी चार पानं खर्च करून लिहिलं, की माझ्या चित्रांतल्या बायकांचं डावं-उजवं बदललेलं असतं आणि त्यामागे गाव सोडून आलेल्या स्त्रीचं हरवलेपण आहे. मी ती पानं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बाईंना फोन करून आभार मानले. खरी गोष्ट सांगायचं धाडस मात्र झालं नाही. खरी गोष्ट एवढीच, की माझ्या पहिल्या छापचित्रात डावं-उजवं बदललं ते मी शिकवणाऱ्या बाईंकडे लक्ष दिलं नाही म्हणून. पुढे लोक त्या चुकीलाच माझी शैली म्हणू लागले, तेव्हा मी गप्प बसले. आता वय झालं, गुडघे बोलू लागले, तेव्हा निदान या पुस्तकात तरी खरं लिहून टाकावं म्हणते.

आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो. घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागे स्वयंपाकाची अर्धी. भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता, त्यामुळे आमच्या घरात शांतता नावाची वस्तू नव्हती. खट-खट-खट असा आवाज सकाळपासून चालायचा आणि आम्ही त्याच्यावरून बोलायचो. म्हणून आजही मी साधं "चहा घेणार का" विचारलं तरी समोरच्याला मी भांडते आहे असं वाटतं. वीज गेली की माग थांबायचे, आणि तान्ही मुलं दचकून रडायला लागायची. घरात आम्ही पाच जण, नाना म्हणजे माझे वडील, माय, मी आणि माझ्या दोन लहान बहिणी. माय-नाना धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलायचे. आम्ही बहिणी घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि भांडण फार वाढलं तर हिंदी. जेवायला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असायचं, रविवारी कोपऱ्यावरचा लोचो यायचा. माय लोचोला "कच्चं राहिलेलं खमण" म्हणायची आणि सगळ्यांत जास्त तीच खायची.

नाना पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्या छापायचे. लांबच लांब टेबलावर कापड ताणून बसवलेलं असायचं. नाना एका बाजूला, त्यांचा जोडीदार दुसऱ्या बाजूला. दोघं मिळून जाळीची फ्रेम कापडावर ठेवायचे, तिच्यात रंग ओतून रबराची पट्टी ओढायचे, फ्रेम उचलायची, एक पाऊल पुढे, पुन्हा ठेवायची. असं दिवसभर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. नानांच्या नखांवरून माय सांगायची, यंदा बाजारात कोणता रंग चालला आहे. मी शाळेतून परस्पर त्यांचा डबा द्यायला जायचे आणि टेबलाशी उभी राहायचे. तिथल्या गोंदाचा आणि वाफेचा वास मला इतका आवडायचा, की माय म्हणायची हिला अत्तराऐवजी तोच आणून द्या. सांगायचं तात्पर्य, छपाईतलं मला सगळं समजतं अशी माझी पक्की खात्री होती. चौदाव्या-पंधराव्या वर्षी माणसाला जितकी खात्री असते तितकी पुढे कधी नसते. माझी जरा जास्तच होती, कारण मी छपाईवाल्याची पोर होते. फ्रेमवर जसं फूल तसंच कापडावर फूल. त्यात न समजण्यासारखं काय आहे?

शाळेत चित्रकलेला हंसाबेन होत्या. मूळच्या बारडोलीकडच्या, बारीक चणीच्या, सुती साडीला नेहमी रंगाचे डाग. बडोद्याला शिकून आलेल्या. त्यांनी माझी वही पाहिली आणि पुढच्या आठवड्यात नानांना शाळेत बोलावलं. नाना मिलमधून तसेच आले, हिरव्या हातांनी. "तमारी छोकरीनो हाथ सारो छे," हंसाबेन म्हणाल्या, "एने बडोदा मोकलो." म्हणजे तिला बडोद्याला पाठवा, चित्रकला शिकायला. नानांनी मान डोलावली. गुजरातीत कोणी मोठ्या माणसाने काही सांगितलं की नाना मान डोलवायचे, त्याचा अर्थ हो असा नसायचा. पण त्या दिवशी परत येताना त्यांनी सायकल हातात धरून चालत नेली, मला त्यांच्याशेजारून चालू दिलं आणि दोनदा विचारलं, "खरंच सारा शे का तुना हात?" माझा हात चांगला आहे हे मी नम्रपणे मान्य केलं.

शाळा संपली तेव्हा मात्र दोन गोष्टी एकदम पुढ्यात आल्या. एकीकडे बडोदा. दुसरीकडे कडोदऱ्याचं स्थळ. ते जिभाऊंनी आणलं होतं. जिभाऊ आमच्या भाऊबंदकीतले वडीलधारे, गावाकडून सुरतेला पहिले आले ते. त्यांच्यामागून आमची चाळीस-पन्नास घरं आली, आणि त्यातल्या बहुतेकांना पहिलं काम जिभाऊंनीच लावून दिलेलं. नानांनाही त्यांनीच मिलमध्ये उभं केलं होतं. त्यांच्या साडूचा मुलगा कडोदऱ्याला मागावर होता, निर्व्यसनी, घरचे दोन माग घेण्याच्या विचारात असलेला. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याला एकदा पाहिलं होतं, त्याने माझ्याकडे न बघता दोन समोसे खाल्ले होते. पण मला बडोद्याला जायचं होतं, इतकं की त्यापायी माझी भूक गेली होती, आणि आमच्या घरात पोरीची भूक जाणं म्हणजे घरभर बातमी. नानांनी शेवटी निकाल दिला तो त्यांच्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून. "जिभाऊ हो म्हनतीन ते जाय बडोदाले. नही ते दिवाळीनंतर कडोदरा." मायला कोणी विचारलंच नाही. मीही नाही.

आता जिभाऊंनी हो म्हणावं कसं? मला एक नामी युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्या नामी युक्तीनेच सुरू झाल्या आहेत. श्रावण तोंडावर आला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई बसते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, खानदेशातली माणसं जगाच्या पाठीवर कुठेही असोत, त्या रविवारी ती जिथे कानबाई बसेल तिथे जमतात. नारळाला डोळे, नथ, मणी-मंगळसूत्र लावून, साडी नेसवून चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजत-गाजत नदीवर न्यायचं. भाऊबंदांची कानबाई त्या वर्षी आमच्या घरी बसणार होती. मी ठरवलं, कानबाई डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईचं एक चित्र करायचं, छापायचं, आणि आमंत्रण म्हणून आपल्या प्रत्येक घराच्या दारावर लावायचं. दारोदार माझा हात दिसेल. जिभाऊंना कळेल, की पोर बडोद्याला गेली तरी कानबाईचीच राहील. बाई म्हणून माय घ्यायची, कारण मायइतकी सोय दुसऱ्या कोणाची नव्हती, ती दिवसभर समोरच असायची.

मी हंसाबेनकडे धावले. त्यांनी लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात तसल्या मऊ पत्र्याचा, एक जाड तुकडा दिला, कोरायला दोन हत्यारं, डबीत छापखान्याची काळी शाई आणि एक छोटा रूळ. त्यांच्या पडवीत उभं राहून त्यांनी मला कृती सांगितली. कोरशील तेवढं पांढरं राहील, उरेल ते काळं छापलं जाईल, हे त्या सांगत होत्या आणि मी मनात जिभाऊंचा चेहरा बघत होते. त्यापुढे त्या आणखी काहीतरी म्हणाल्या. मी "हा बेन, हा बेन" म्हणत निघालेही होते. छपाईवाल्याच्या पोरीला छपाई काय शिकवायची?

चार दुपारी मी मायला कोरलं. ती खापरावरच्या मांड्यांची तयारी करत होती, गहू निवडणं, दळून आणणं, पुरणाची डाळ, घरभर गुळाचा वास. मी कोपऱ्यात बसून तिला चोरून बघायची आणि कोरायची. डाव्या खांद्यावरून डोक्यावर घेतलेला पदर, डाव्या नाकपुडीत नथ, डाव्या गालावर तीन ठिपक्यांचं गोंदण, डोक्यावर चौरंग आणि त्यावर कानबाई. लिनोवर ती अगदी मायसारखी उतरली. दोनदा बोट कापलं, तेही मी अभिमानाने सगळ्यांना दाखवलं. मग शनिवारी दुपारी, सगळ्या बायका मागच्या बाजूला मांड्यांत गुंतल्या असताना, मी पुढच्या खोलीत शाई लावली, वर कागद ठेवला आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाने घासघास घासलं. कागद उचलला. माझ्या हातात माझं चित्र होतं, काळं कुळकुळीत, ओलं, चमकणारं. तो क्षण मी आजवर हजारदा अनुभवला आहे आणि अजूनही त्या क्षणी मला अक्कल राहत नाही. काहीतरी वेगळं दिसतंय एवढं जाणवलं. मला वाटलं, यालाच कला म्हणत असावेत.

एक्कावन्न कागद छापले. संध्याकाळी दोघी बहिणींना घेऊन एक्कावन्न दारांवर खळीने चिकटवून आले. एक जिभाऊंच्या दारावर, जरा जास्त खळ लावून, म्हणजे निघता निघू नये. ती खबरदारी पुढे फार महागात पडली.

रविवारी आमच्या घरी कानबाई बसली. पुढच्या खोलीत भाऊबंद दाटीवाटीने बसलेले, बायका मागे चुलीपाशी, गल्लीत चपलांचा ढीग. मी कौतुकाची वाट बघत दारात उभी होते, दोन वेण्या, नवं परकर-पोलकं. सगळे माझ्याकडे बघत होते हे खरं, पण बघण्याची तऱ्हा काही बरी नव्हती. जिभाऊ आले. त्यांच्या हातात दारावरून सोलून काढलेलं माझं चित्र होतं, एका कोपऱ्याला दाराचा निळा रंग चिकटलेला. त्यांनी ते नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"हाई काय शे?" ते म्हणाले. "कानबाई लेई जानारी बाई ते गुजरातीन शे! पदर दख तिना. उजवा खांदावर!"

मी वाकून पाहिलं. आदल्या दिवसापासून एक्कावन्न वेळा पाहिलं होतं, पण खरं त्या क्षणी पाहिलं. पदर उजव्या खांद्यावरून आलेला. नथ उजव्या नाकात. गोंदण उजव्या गालावर. माझी धुळ्याची माय कागदावर चक्क एखादी शेठाणी होऊन उभी होती. आणि त्याच वेळी हंसाबेनचं ते दुसरं वाक्य, जे मी "हा बेन" म्हणून उडवून लावलं होतं, स्वच्छ आठवलं. "अने जो, आ ऊंधुं छपाशे." हे उलटं छापलं जाईल. म्हणजे उजव्याचं डावं करून आधीच उलटं कोरायचं. नानांच्या जाळीतून रंग आरपार जातो, म्हणून तिथे डावं ते डावंच राहतं. हा लिनो कागदाला तोंड लावतो, आणि तोंडाला तोंड लावलं की बाजू बदलते. इतकं साधं. टेबलाशी उभी राहून गोंदाचा वास घेत मी जे सगळं शिकले होते, त्यात हे नव्हतं.

कोणीतरी हसलं, कोणी म्हणालं, "सुरतना पानी शे." जिभाऊ मात्र हसत नव्हते, आणि आज मला त्यांचा राग येत नाही. या गावात आम्हाला वर्षानुवर्षं परके म्हणत, गावाकडे गेलं की सुरतवाले म्हणत. आमचं म्हणून जे थोडं उरलं होतं त्यात ती कानबाई होती, आणि तिच्याखालच्या बाईचा पदरच मी फिरवून ठेवला होता, एक्कावन्न दारांवर. "आठे राहीसन हाई गत," जिभाऊ नानांना म्हणाले, "मंग बडोदाले जाईसन काय करी? कडोदरावालासले कळाडी देतस. दिवाळीनंतर बार उडाई टाकू."

मी नानांकडे पाहिलं. ते चित्र हातात घेऊन उलटंपालटं करत होते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "फ्रेममा असं व्हत नही, जिभाऊ," ते हळूच म्हणाले. "इतला साल झायात, मन्हा हातथीन एक बी साडी उलटी छापाई नही." सायकल हातात धरून चालताना ज्या हातावर त्यांनी विश्वास ठेवला होता, तो त्यांच्यादेखत खोटा ठरला होता. मी समजावून सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माय बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, चेहरा चुलीने लाल. दोन दिवस ती मांड्यांतून मान वर करू शकली नव्हती. एक्कावन्न घरांनी तिला पाहिलं होतं, पण तिने स्वतः ते चित्र पाहिलं नव्हतं. दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "आना आठे," ती म्हणाली. "माले कोनी दखाडंच नही." हाताला पीठ म्हणून तिने कागद धरला नाही, नानांनी तो तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली. एरवी पुरुषांच्या बैठकीत येऊन ती इतका वेळ कधी उभी राहिली नसती.

"हाई ते मी शे," माय म्हणाली.

"अवं पन पदर..." जिभाऊ म्हणाले.

"फळीवरना आरसामा मी रोज अशीच दिसस, जिभाऊ." तिने डोक्यावरचा पदर कोपराने पुढे ओढला, पण आवाज खाली आणला नाही. "पदर आसाच, नथ आशीच. तुम्ही बठ्ठा माले तथाईन दखतस. मी माले आथाईन दखस. मन्ही पोरनी माले मन्हासारखी काढी." मग नानांकडे न बघता, पण नानांनाच, "तिले बडोदाले धाडा," एवढं म्हणाली आणि आत गेली. चुलीवर मांडा होता, तो करपला असता.

तिचा एकही फोटो नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. लग्नात फोटोवाला आला नव्हता, पुढे कोणी काढला नाही. स्वतःला ती फक्त फळीवरच्या त्या तडकलेल्या आरशात ओळखत होती. जिभाऊंनी चित्र पुन्हा हातात घेतलं, बराच वेळ दूर धरून, जवळ धरून पाहिलं. मग म्हणाले, "जिनं चित्र, तीच हो म्हनस. आते मी काय बोलू?" त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि कानबाईची गाणी सुरू करायला सांगितली. कडोदऱ्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि पुढेही नाही. मी मोरीत जाऊन रडले. सुटकेने रडले, आणि बऱ्याच अंशी लाजेने.

सोमवारी सकाळी कानबाई तापीवर निघाली. पुढे वाजंत्री, बायका फुगड्या घालत, आणि डोक्यावर चौरंग घेतलेली माय, अगदी माझ्या चित्रातल्यासारखी, म्हणजे अगदी माझ्या चित्रातल्यासारखी नव्हे. मी तिच्या शेजारून चालत होते, कृतज्ञतेने भारावून, काहीतरी मोठं वाक्य बोलायच्या तयारीत. तिने मान न वळवता, डोक्यावरचा चौरंग सांभाळत, ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलं, "पदर चुकना शे. माले काय समजत नही का?"

"मंग काल असं काबरं बोलनी?"

"ते बी खोटं नव्हतं," माय म्हणाली. "पुढलं टाईमले नीट काढजो."

बडोद्याला मुलाखतीत मी तेच चित्र दाखवलं. एका सरांनी विचारलं, ही बाई गुजराती का? जागा जाईल या भीतीने मी हो म्हणाले. पुढे त्याच सरांकडे पाच वर्षं शिकले, आणि उलटं कोरायला पहिल्याच आठवड्यात शिकले. ती काही कठीण गोष्ट नाही. आरसा समोर ठेवला की झालं.

मायचं म्हणणं मी मनावर घेतलं. लाकडात, लिनोत, जस्तावर मी तिला पुन्हा पुन्हा केलं, दहा-बारा वेळा तरी. इतर बायकांच्या बाबतीत मी पुढे हवी तशी मोडतोड केली, चूक लपवायला चुकीचीच शैली केली, पण मायचं चित्र नेहमी सुलटं. पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकात, गोंदण जिथल्या तिथे. एकाला बक्षीसही मिळालं. प्रत्येक ठसा वाळला की मी तो गुंडाळून सुरतेला न्यायची आणि तिच्यापुढे धरायची. ती होती तोवर एकदाही चुकवलं नाही. ती हात पुसायची, पुढेपुढे चष्मा लावायची, आणि कागद आडवा-उभा करून मन लावून बघायची.

"भारी शे व," ती म्हणायची. "कोन शे हाई?"